सांबऱ्याला वार नव्हता

सांबरा, २० जून

सौरव,

पत्राला आशीर्वादानं सुरुवात करायची रीत हाय. मी मोठी, तू धाकटा, म्हणून आशीर्वाद. आता पुढचं वाच.

तुझा फोन बंद लागतोय. आईला विचारलं तर म्हणाली, तेजस्वीला बरं न्हाय म्हणून सासुरवाडीला बोरगावला गेलाय. आईला खोटं बोलायला येत न्हाय, तुलाही म्हाईत हाय. बोरगाव काय सातासमुद्रापलीकडं न्हाय, निपाणीला उतरलं की आलंच. पण पोरीला कुणाकडं सोडून निघू? म्हणून तुझ्या सासऱ्यांच्या पत्त्यावर हे पत्र टाकते. मोबाईलवर पाठवलं असतं तर न बघता पुसलं असतंस. कागद फाडायला जरा तरी हात उचलावा लागतो.

ह्यांना जाऊन दोन महिने होऊन गेले. मी बरी हाय. जेवते, झोपही लागते. बायका येतात आणि म्हणतात, रड गं, मोकळी हो. रडू येत न्हाय, त्याला मी काय करू? त्या माझ्याकडं बघत बसतात, मी त्यांच्याकडं. मग चहा ठेवते.

एक मात्र नवीन झालं. लग्नात उखाणा घेतला तो सोडला तर ह्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नव्हतं. आता पोलिसात, दवाखान्यात, कामगार विम्याच्या ईएसआय ऑफिसात, खिडकी दिसली की म्हणायचं, मयत नागोजी भरमू चौगुले. पहिल्या वेळी जीभ अडकली. आता धडाधड येतं.

तुला हे लिहायचं कारण. ईएसआयवाल्यांनी माझा अर्ज परत दिला. कामावर माणूस गेला तर त्याच्या बायकोला आणि पोरांना पेन्शन मिळते, ती मागितली होती. ते म्हणाले, फौंड्रीच्या कंपनीनं कळवलंय की त्या मंगळवारी पहिल्या पाळीला नागोजी चौगुले कामावरच नव्हता. मशीनवर सौरव होता, त्याचं कार्ड पंच झालंय. नागोजी आलता तो मेव्हण्याला डबा द्यायला, आणि क्रेनखाली उगाच गेला. म्हणजे हे पाहुणे म्हणून मेले. पाहुण्याच्या बायकोला पेन्शन न्हाय.

खरं काय झालं ते तुला आणि मला म्हाईत हाय. आपल्या गावात लक्ष्मीच्या जत्रेआधीचे वार चालू होते. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतात पाय टाकायचा न्हाय, चुलीवर तवा चढवायचा न्हाय, शीव ओलांडून कामाला जायचं न्हाय. आईनं तुला दारातच अडवलं. तू ह्यांना म्हणालास, दाजी, तेवढी माझी पाळी मारा. हे म्हणाले, बरं. सांबऱ्याला काय वार नव्हता. तुझं कार्ड घेऊन पहिल्या पाळीला गेले, दुसऱ्या पाळीला स्वतःच्या कार्डावर उभारणार होते. ती वेळ आलीच न्हाय.

मी वकील लावलाय. उपासना कांबळे म्हणून हाईत, निपाणीच्या. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, त्या स्वतः आता बेळगावात कामगारांच्या केसी लढतात. त्या म्हणाल्या, "मंगलताई, तुमच्या भावानं कोर्टात येऊन एवढंच सांगायचं आहे की मी गावात होतो आणि माझ्या जागी नागोजी काम करत होते. तो बोलला तर केस उभी राहते. नाही बोलला तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

म्हणून लिहिलं. ये.

मंगल

सांबरा, ११ जुलै

सौरव,

काल तेजस्वीचा फोन आला, तिच्या आईच्या मोबाईलवरनं. हळू बोलत होती, मधी मधी थांबत होती. तू शेजारी बसून तिला शिकवत होतास, एवढं मला कळतं. घरच्या माणसाशी बोलायला मधी माणूस कशाला घातलास रं?

तिनं विचारलं, "आक्का, दुसऱ्याला आपलं कार्ड मारायला दिलं तर पोलीस पकडून नेतात व्हय?" कंपनीतल्या एचआरच्या साहेबानं तुला तसं सांगितलंय म्हणे. दाजींच्या मरणाचा गुन्हा तुझ्यावर लागंल म्हणून भीती घातली.

मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कार्ड देणं ही कामातली गैरशिस्त हाय, खून न्हाय. कंपनीला वाटलं तर लेखी नोटीस देऊ दे, खुलासा मागू दे, चौकशी बसवू दे. तुझी बाजू ऐकून घेतल्याशिवाय उद्यापासनं येऊ नको असं तोंडी म्हणून त्यांना काढता येत न्हाय. आणि पोलिसांचं म्हणशील तर फसवलं कुणाला? सुपरवायझरनं ह्यांना डोळ्यांनी बघितलं आणि स्वतःच मशीनवर उभं केलं.

ते खरंच हाय. तुम्ही दोघांनी काय जगावेगळं केलं न्हाय. दरसाल कुठल्या ना कुठल्या गावाची जत्रा असते. त्या गावची पोरं वार पाळतात आणि दुसऱ्या गावची पोरं त्यांची पाळी मारतात. सुपरवायझर दुसरीकडं बघतो. भट्टी पेटती राहिली की झालं, खाली नाव कुणाचं हाय याच्याशी त्याला काय करायचंय?

तिनं आणि एक विचारलं. आपण काँट्रॅक्टवरची माणसं, आपल्याला कसला कायदा. वकीलबाई म्हणाल्या, काँट्रॅक्टवरचा असला तरी ईएसआय आणि पीएफ लागू हाय, अपघात झाला तर कंपनीला हात झटकता येत न्हाईत. तेजस्वीचं तिसरं म्हणणं होतं, पण दाजींनी नियम मोडला की. त्यावर वकीलबाई जरा चिडल्या. म्हणाल्या, काम कंपनीचंच करत होते ना? स्वतःच्या घरचे साचे भरत नव्हते. माणूस मेल्यावर त्यानं नियम मोडला होता म्हणून बायकापोरांचा हक्क बुडत न्हाय, कायद्यातच तसं हाय.

आज त्याच नंबरवर परत फोन करून सगळं सांगितलं तेजस्वीला. तिनं शेवटी विचारलं, आक्का, तुम्ही कशा हाईसा? ते तुझ्याकडनं होतं का तिच्या मनानं, मला कळलं न्हाय.

मष्णू येऊन गेला. ह्यांच्या शेजारच्या मशीनवर असतो तो. क्रेनची साखळी कशी निसटली ते त्यानं सांगितलं. मी ऐकलं. मग म्हणाला, "वहिनी, कोर्टात माझं नाव घेऊ नका. माझं घर त्याच पगारावर हाय." मी बरं म्हटलं. त्याचा राग आला न्हाय. कशाचाच येत न्हाय अलीकडं.

मंगल

सांबरा, ६ ऑगस्ट

सौरव,

आज वकीलबाईंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. कंपनीनं कोर्टात तुझा जबाब लावलाय.

"मी त्या दिवशी पहिल्या पाळीला स्वतः मशीनवर होतो. माझे दाजी माझ्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आले होते." खाली तुझी सही.

वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मी म्हटलं, मला तहान न्हाय. त्यांना वाटलं मी आता कोसळणार. मी बसून राहिले, मग उठून बस धरली आणि आपल्या गावाला गेले.

आई परड्यात शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वारादिवशी गावात कुणाच्या घरी तवा चढला न्हाय, डबा कुठला गं?"

"माझ्या घरातनं नेला असं लिहिलंय."

"म्हणजे सौरव कारखान्यात होता?"

"तसं लिहिलंय."

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तू त्या दिवशी देवळापुढं मांडवाला वासे बांधत होतास. अख्ख्या गावानं तुला बघितलंय, आईनं तर हातानं गूळपाणी आणून दिलतं. मी म्हटलं, मग गावानं सांगू दे. आईबरोबर नागोजी मामांकडं गेले, ते पंच हाईत ना. माझ्या नवऱ्याचंच नाव त्यांचंही, त्यामुळं सांगताना विचित्र वाटलं. ते म्हणाले, हा भावाबहिणीचा घरातला तंटा, गाव मधी पडणार न्हाय. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, गाव आलं तरी तो गावात होता एवढंच सांगेल. त्याच्या जागी मशीनवर कोण होतं, ते गावाला काय माहीत? ते सौरवच सांगू शकतो.

निघताना आई दारापर्यंत आली. म्हणाली, "मीच त्याला अडवलं. वार मोडू नको म्हणून मीच म्हटलं. तुला कुणाला काय बोलायचं असंल तर मला बोल, त्याला नको बोलू."

आता आईला मी काय बोलू? ती म्हातारी देवीच्या भीतीनं बोलली. तू कुणाच्या भीतीनं सही केलीस ते सांग.

मंगल

सांबरा, २८ ऑगस्ट

सौरव,

मागच्या पत्रात विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं. तू न्हाय दिलंस, एचआरच्या साहेबानं दिलं.

तो आणि सुपरवायझर दोघं गाडी घेऊन घरी आलते. बूट बाहेर काढून आत आले, ह्यांच्या फोटोला हात जोडले. साहेब चांगलं मराठी बोलतो. म्हणाला, ताई, कोर्टकचेरीत वर्षं जातात. तुम्ही केस मागं घ्या, आम्ही तुम्हाला कँटीनमध्ये कायमचं कामाला घेतो, पोरीच्या शाळेचंही बघतो. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या भावाचंही आम्ही बघितलंय की. बोरगावकडच्या सूतगिरणीत चिकटवलंय, आमच्या ओळखीनं.

सुपरवायझर मान खाली घालून बसला होता. मी त्याला विचारलं, तुम्ही त्या दिवशी ह्यांना मशीनवर बघितलं न्हाय? तो म्हणाला, "माझ्याकडं कार्ड येतंय बाई, माणसाचं तोंड येत न्हाय." साहेबानं त्याच्याकडं बघितलं, तसा तो उठून बूट घालायला गेला.

मी विचार करून सांगते म्हटलं. खरं सांगते, मी विचार केला. कँटीनचं काम वाईट न्हाय. पण मी रोज त्याच फाटकातनं आत जाणार, आणि आतल्या प्रत्येक माणसाला म्हाईत असणार की मी ह्यांना पाहुणा म्हणून सही केलीय. पोरगी मोठी होऊन विचारणार, पप्पा कुठं गेले? मी काय सांगू, डबा द्यायला गेले? त्यांनी त्या कारखान्यात लग्नाआधीपासनं काम केलं. हाताला भाजल्याचे डाग होते, आंघोळीचं पाणी काळं यायचं. तो माणूस पाहुणा?

साहेबाला न्हाय म्हणून कळवलंय.

तेजस्वीनं परवा फोन करून विचारलं, पहिला जबाब दिल्यावर दुसरा दिला तर तुरुंगात टाकतात का. वकीलबाई म्हणाल्या, कंपनीच्या ऑफिसात बसून सही केली ती शपथेवर न्हाय. कोर्टात शपथेवर खरं सांगितलं म्हणून कुणी तुरुंगात जात न्हाय. शपथेवर खोटं सांगितलं तर जाऊ शकतो. दुसरं विचारलं, सूतगिरणीतनं काढतील का. त्या म्हणाल्या, काढतील बहुतेक. कारण काहीतरी दुसरंच दाखवतील. मग आपण त्याच्यासाठीही लढू.

मी लपवत न्हाय तुझ्यापासनं. काढतील.

मंगल

सांबरा, १९ नोव्हेंबर

सौरव,

भाऊबीज झाली. पोरीनं पाट मांडून ठेवला होता. तिला म्हटलं, मामाला सुट्टी न्हाय. ती म्हणाली, मामा आमच्यावर रागावलाय का? मी म्हटलं, न्हाय गं. मग तिनं पाट उचलला आणि स्वतःच त्यावर बसून फराळ खाल्ला.

इतके दिवस मी तुझ्या प्रश्नांची उत्तरं आणून देत होते. पोस्टमनसारखी. तुला पोलीस धरतील का, तुझं काम जाईल का, तुझी सही तुला भोवेल का. वकीलबाई एकदा म्हणाल्या, तुमचा भाऊ अगदी योग्य प्रश्न विचारतो. मी म्हटलं, व्हय, लहानपणापासनं हुशार हाय.

मला तुझा राग येतो. लई येतो. पण तो माझ्यापर्यंत नीट पोचत न्हाय, दुसऱ्या कुणाला तरी आल्यासारखा वाटतो. ह्यांनी तुला मोटरसायकल शिकवली, तेजस्वीला बघायला बोरगावला तुझ्याबरोबर तेच आलते, माझ्या आधी तुझं गुपित त्यांना म्हाईत असायचं. हे सगळं मला आठवतं आणि तरी आतनं काय हलत न्हाय.

हे शेवटचं पत्र. वकीलबाईंनी अर्ज करून तुला साक्षीदार म्हणून बोलवायला लावलंय. कोर्टाचा समन्स येईल, तो माझ्या पत्रांसारखा बाजूला ठेवून भागणार न्हाय. तिथं तुला शपथ घालतील. त्या जबाबाप्रमाणंच बोललास तर हे कायमचे पाहुणे झाले आणि माझी केस संपली. एवढं समजून ये. न्हाय तर तसं बोलायलाच ये, पण माझ्यासमोर बोल.

मंगल

सांबरा, ५ फेब्रुवारी

सौरव,

शेवटचं म्हणून लिहिलं होतं, तरी लिहिते.

कोर्टातनं तू गर्दीत निघून गेलास. आई तुला जिन्यापर्यंत हाका मारत आली, तू ऐकल्या का न्हाय कुणास ठाऊक. मी आतच बसले होते. म्हणून आज लिहायला बसले.

तू आत आलास तेव्हा मी तुला पहिल्यांदा ओळखलं न्हाय. लई वाळलास. जज्जसाहेबांनी कन्नडात विचारलं, तू कन्नडात उत्तरं दिलीस. नाव, गाव, काम. माझ्याकडं बघत नव्हतास. कंपनीचा वकील खुर्चीत आरामात टेकून बसला होता, त्याला खात्री होती. मलाही होती. मी मनात ठरवून टाकलं होतं की तू डबा म्हणालास की उठायचं, पोरीला शाळेतनं आणायचं आणि घरी जायचं.

वकीलबाईंनी विचारलं, त्या दिवशी पहिल्या पाळीला तुमच्या मशीनवर कोण होतं? तू तेव्हा मराठीत बोललास. "माझे दाजी होते. मी गावात मांडव घालत होतो."

कंपनीचा वकील उठला. मग हा जबाब कुणाचा? तू म्हणालास, सही माझीच हाय, नोकरीसाठी केली. जज्जसाहेबांनी विचारलं, तुम्ही कामावर का गेला नव्हता? वार होता म्हणालास. वार म्हणजे काय ते तुला सांगावं लागलं. तवा, शीव, सगळं सांगितलंस. ते म्हणाले, मग ते कसे गेले? तू म्हणालास, त्यांच्या गावाला वार नव्हता. मला वाटलं, आता तू रडणार. न्हाय रडलास.

कंपनीचा वकील सोडत नव्हता. म्हणाला, तुम्ही तर गावात होता, मग ते खरोखर कामावर गेले हे तुम्हाला काय माहीत? तू म्हणालास, त्यांनी फाटकावरनं फोन केलता. काय बोलले ते सांगा, म्हणाला.

तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस.

ह्यांनी असा फोन केलता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याशी ते शेवटचं बोलले ते गॅसचं. सिलेंडर संपत आलाय, नंबर लाव. एवढंच माझ्याकडं होतं. इतके महिने मी तेवढ्यावरच होते.

तू सांगितलंस, "ते म्हणाले, सौरव, मी आत चाललो. इथं तर तुझी हजेरी लागतीया. तू देवीला जाऊन सांग, तिकडं आज माझी लाव म्हणावं. आणि परसादाला दोन माणसांचं घे, देवी विचारणार न्हाय."

तू नुसतं सांगितलं न्हाईस. "परसादाला" म्हणताना ते जसं ओढायचे, तसंच ओढलंस. तुझं तुला कळलं नसंल. टायपिंगवाल्या बाईंनी परत विचारलं, तू परत सांगितलंस. जज्जसाहेबांना समजावं म्हणून कन्नडात करून सांगायला लागलास आणि ते काय जमंना. देवी हजेरी लावते म्हणजे कसं, असं ते विचारत होते.

मी हसले रं सौरव. मोठ्यानं हसले, कोर्टात. जज्जसाहेबांनी मान वर करून बघितलं, वकीलबाईंनी माझा हात धरला. मला थांबताच येईना. मग ते हसणं कधी बदललं मला कळलं न्हाय. तोंडात पदर कोंबला तरी आवाज येत होता. बायका सांगत होत्या ते रडणं हे असतं व्हय, असं मला वाटलं. आई शेजारी येऊन बसली आणि तीही रडायला लागली. जज्जसाहेबांनी थोडा वेळ काम थांबवलं.

निकाल अजून यायचाय. वकीलबाई म्हणतात, टाइप करणाऱ्या बाईंनी तुझं सगळं उतरवून घेतलंय, त्यात नागोजी चौगुले कामावर होते हे आलंय, आता ते कुणाला पुसता येणार न्हाय. सूतगिरणीनं तुला सोमवारपासनं येऊ नको म्हणून तोंडी सांगितल्याचं तेजस्वीकडनं कळलं. ऐकून घेऊ नकोस. रोज फाटकावर जा, लेखी द्या म्हण, आणि नोटीस दिली तर तिला लेखी उत्तर दे. वकीलबाई तुझं काम घ्यायला तयार हाईत, मी बोलले.

माझ्या मनातनं ती सही गेली न्हाय. गेली असं लिहिलं तर खोटं होईल. कधी जाईल मला म्हाईत न्हाय.

तरी रविवारी ये. पोरीला घेऊन बस, आणि त्यांचा तो फोन तिला सांग. आवाज तसाच काढ. काल तिनं मला विचारलं, मम्मी, पप्पा कसं बोलायचे गं? मला करून दाखवता आलं न्हाय.

तुझी आक्का,
मंगल